काकू वाढतील ते

"आज भाजी काय करू?" हा प्रश्न मराठी घरांतून रोज सकाळी विचारला जातो आणि त्याला मिळणारे उत्तरही ठरलेले असते: "कर काहीही." ह्या 'काहीही'चा अर्थ 'काहीही' असा मुळीच नसतो, हे लग्नाला सहा महिने झालेल्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक असते. तिने दुधी केला की नवऱ्याच्या कपाळाला आठी पडते; वांगे केले की 'परवाच तर झालं होतं' असे ऐकावे लागते. निवडण्याची जबाबदारी टाळायची आणि तक्रारीचा हक्क तेवढा राखून ठेवायचा, अशी ही पुरुषांची जुनी वहिवाट आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या पत्नीने मला हा प्रश्न विचारला, तेव्हा मी गोंधळून तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. तिला वाटले, नवरा भिडस्त आहे. खरी गोष्ट अशी होती की, गेल्या नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. मी खानावळीत जेवणारा मनुष्य होतो.

हॉटेल आणि खानावळ ह्यांतला फरक हल्लीच्या मुलांना सांगावा लागतो. हॉटेलात गिऱ्हाईक मागते. खानावळीत मेंबर येऊन बसतो आणि त्याला वाढतात. काय वाढायचे ते वाढणाऱ्याने ठरवलेले असते. पुण्याला ही रीत नवी नव्हती. वार लावून जेवणारा विद्यार्थी सोमवारी एका घरी आणि मंगळवारी दुसऱ्या घरी पानावर बसे, तेव्हा 'मला अळूची भाजी नको' असे म्हणण्याची त्याची काय बिशाद होती! पुढे बोर्डिंगे आणि खानावळी निघाल्या. टिळक रस्त्यावरची बादशाही १९३२ सालची. तिथे जेवून शिकलेले वकील आणि डॉक्टर महाराष्ट्रभर पसरले आहेत.

आमच्या पिंपरी-चिंचवडच्या खानावळी मात्र विद्यार्थ्यांच्या नव्हत्या, त्या कामगारांच्या होत्या. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आले आणि त्याच्या मागोमाग माळरानावर शेडच शेड उभ्या राहिल्या. आकुर्डीला बजाजच्या कारखान्यात इटलीतल्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याने वेस्पा स्कूटर बनू लागली, पिंपरीला टेल्को आली, आणि सातारा, सांगली, सोलापूर, नगर ह्या जिल्ह्यांतली सडीफटिंग पोरे ट्रंक आणि वळकटी घेऊन गाडीतून उतरू लागली. १९७२ च्या दुष्काळात मिलोची तांबडी भाकरी खाऊन कंटाळलेला मी त्यांतलाच एक. १९७४ मध्ये चिंचवडला उतरलो, एका खोलीत कॉट मिळाली, आणि त्याच संध्याकाळी खोलीतला जोडीदार मला काकूंकडे घेऊन गेला.

काकू मूळच्या कऱ्हाडकडच्या. नवरा दम्याने घरी बसलेला, पदरात एक मुलगा. चाळीतल्या दोन खोल्यांपैकी पुढची खोली मेंबरांची आणि मागची घरादाराची. मेंबर बावीस. महिन्याचे पंचाहत्तर रुपये आणि तेही पगार झाल्यावर, सात तारखेनंतर. पुढच्या खोलीच्या भिंतीवर एक दगडी पाटी टांगलेली होती. दुसऱ्या खानावळींतून अशा पाटीवर 'आज: बटाटा, वाटाणा उसळ' असे लिहिलेले असे. काकूंच्या पाटीवर जेवणाविषयी एक अक्षर नसे. तिच्यावर फक्त खाडे मांडलेले असत. कोण कधी गावी गेला, कोण किती वेळा जेवला नाही, ते खडूच्या उभ्या रेघांनी. पहिल्या दिवशी मी धीर करून विचारले, "आज काय आहे, काकू?" त्यांनी ताट पुढे सरकवले आणि म्हणाल्या, "डोळं हायत न्हवं?"

पुढे कळले की, काय करायचे ते काकूंनाही सकाळी ठाऊक नसे. संध्याकाळी बाजार उठायच्या सुमारास त्या पिंपरीच्या मंडईत जात. विक्रेत्याला घरी जायची घाई झाली की भाव उतरतो, आणि जे उतरले ते उद्याच्या ताटात येते. कांदा तेवढा चाकणचा, पोत्याने घेतलेला. पण नुसत्या भावावर त्यांचे गणित संपत नसे. पहिल्या पाळीची पोरे सकाळी सातला आत जाणार, म्हणजे त्यांच्या डब्यात रस्सा नको, तो सांडतो. रात्रपाळीवाल्याला दुपारी जडान्न नको, त्याला झोपायचे असते. फाउंड्रीतल्या तिघांना ताक जास्त आणि ताकात मीठ जास्त. भट्टीपुढे घाम किती जातो, हे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. सोमवारी मटकी भिजत घातली की बुधवारी मोड आलेली उसळ. श्रावणात कांदा-लसूण बंद. मग त्याबद्दल वद्य-शुद्ध काढून कितीही वाद घाला. रविवारी सकाळी फीस्ट आणि संध्याकाळी चूल बंद. फीस्टला मटण केव्हा आणि शिरापुरी केव्हा हे सात तारीख किती लांब आहे त्यावर ठरे. आणि ह्या सगळ्यांतून काहीच जमले नाही, तर कोबी.

कोबी फार वेळा जमत नसे. कोबीवर मी एक स्वतंत्र निबंध लिहू शकेन. आठवड्यातून चार वेळा कोबी खाल्लेल्या माणसाला त्याच्या शिजण्याचा वास चाळीच्या कोपऱ्यावरूनच येतो आणि पाय आपोआप जड होतात. नागपूरकडच्या मेंबरला काकूंचे कालवण फिके वाटे, रत्नागिरीच्या मेंबराला भात कमी वाटे आणि कोल्हापूरचा मेंबर तर रोज एकदा तांबड्या रश्श्याची आठवण काढल्याशिवाय हात धूत नसे. प्रत्येकाला काकूंचा स्वयंपाक आपल्या आईच्या हातून थोडा दूर गेलेला वाटे. पण असमाधान सर्वांना सारखे वाटलेले असल्यामुळे भांडणे होत नसत.

हे सगळे मी विसरलो नसलो तरी एखाद्या जुन्या ट्रंकेत घालून ठेवल्यासारखे झाले होते. ती ट्रंक उघडली २०१८ मध्ये, आणि तीही इटलीत. मुलगा तिथे तुरीन शहरात मोटारींच्या आराखड्याचे काम करतो. त्याच्याकडे आम्ही दोघे तीन आठवडे राहायला गेलो होतो. तुरीन म्हणजे तिथले पिंपरी-चिंचवडच म्हणा ना! फियाटचे माहेर. छतावर मोटारी पळवायचा रस्ता असलेला तिचा जुना कारखाना लोक अजून बघायला जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर ह्या कारखान्यांत काम करायला इटलीच्या गरीब दक्षिणेतून आणि सार्डिनिया बेटावरून माणसांचे लोंढे आले. त्यांनाही कॉट शोधाव्या लागल्या असतील आणि त्यांनाही उत्तरेचे जेवण गोड लागले नसेल. ह्या सार्डिनियाचे जेवण देणारी एक लहानशी जागा मुलाने शोधून ठेवली होती. जाताना तो म्हणाला, "बाबा, तिथे मेनूकार्ड नाही हं. तो देईल ते खायचं."

मेनूकार्ड नाही हे ऐकून मला हायसे वाटले. मेनूकार्ड मी नेहमी उजव्या बाजूने वाचतो. आधी आकडा आणि मग पदार्थ. परदेशात तर त्या आकड्याला ऐंशीने गुणावे लागे, आणि गुणाकार संपेपर्यंत भूक मरून जाई. इथे माणशी एकच रक्कम होती आणि ती मुलाने परस्पर ठरवलेली होती. सहा टेबले, वीस-बावीस माणसे. धनी स्वतः आत रांधत होता, त्याची बायको वाढत होती. तो हात पुसत बाहेर आला आणि एवढेच विचारले, "तुम्ही काय खात नाही?" काय खाता, असे नव्हे! पत्नी मांस-मासे खात नाही, हे मुलाने सांगितले. त्याने मान हलवली आणि तो आत गेला.

प्रथम आली ती कागदासारखी पातळ, कडकडीत भाकरी. तिला 'पाने काराझाऊ' म्हणतात. महिना महिना मेंढरांमागे रानात राहणाऱ्या धनगरांसाठी ती भाजून वाळवून ठेवत. मोडताना असा काही आवाज होतो की, इटलीतले लोक तिला 'संगीताचा कागद' म्हणतात. सार्डिनियात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त आहेत. तेव्हा तिथला धनगर आणि आमच्या माणदेशचा धनगर ह्यांची शिदोरी एकाच अडचणीतून निघाली असली पाहिजे. मग आले 'माल्लोरेद्दुस', रव्याच्या कणकेचे नखाएवढे, रेघारेघांचे तुकडे. पत्नी म्हणाली, "अहो, ही तर नखुली!" माल्लोरेद्दुसचा अर्थ लहान वासरे असा आहे, असे मुलाने सांगितले, तेव्हा तिला वसुबारस आठवली आणि तिने पुन्हा एकदा वाटीत डोकावून पाहिले. माझ्यासाठी डुकराच्या पिलाचे भाजलेले मांस आले. तिच्यासाठी बटाटा, चीज आणि पुदिना भरलेले 'कुलुर्जोनेस' आले. त्यांची कड चिमटीत धरून अशी मुडपलेली होती की, वर गव्हाची लोंबी उठलेली दिसावी. ती मुरड पाहून पत्नी खाण्याचे विसरली. एक उलटे करून, एक सुलटे करून तिने पाहिले आणि शेवटी मला हळूच म्हणाली, "पुरुषाच्या हातची दिसत नाही." सर्वांत शेवटी 'सेआदास' आले: आत चीज घालून तळलेली मोठी पुरी आणि तिच्यावर मध. तळलेल्या कणकेचा तो वास आला आणि मला चिंचवडच्या चाळीतली दिवाळीच आठवली.

पण माझे लक्ष पदार्थांपेक्षा दुसरीकडेच जास्त होते. शेजारच्या टेबलावर एक बडे गृहस्थ बसले होते. मनगटावरचे घड्याळच सांगत होते. कोपऱ्यात कामाच्या कपड्यांतली दोन पोरे होती. सर्वांच्या ताटात तेच होते. त्या दोघांनी स्वस्तातले काही मागवलेले नव्हते आणि त्या गृहस्थांना महागातले काही मागवता येत नव्हते. कोणाच्या खिशात काय आहे ते टेबलावर दिसत नव्हते. मला एकदम काकूंची पुढची खोली दिसू लागली. आणि त्यातही १९७९ सालची.

त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या कारखान्याला टाळे लागले. कारणे दोन्ही बाजूंनी पुष्कळ सांगितली गेली. ती आता उगाळण्यात अर्थ नाही. काकूंच्या बावीस मेंबरांपैकी आम्ही नऊजण त्या कारखान्यातले. पहिल्या महिन्याची सात तारीख कोरडी गेली. आम्ही नऊजण घोळका करून काकूंकडे गेलो आणि 'उद्यापासून येत नाही' असे सांगण्याची जबाबदारी कुणावर टाकावी ह्याची कुजबुज दारात करू लागलो. आतून आवाज आला, "उंबऱ्यावर काय उभं राहिलायसा? भाकरी निवाय लागल्यात."

तिसऱ्या आठवड्यात ताट बदलले. भाजी गेली आणि पिठले आले. भाकरी, पिठले, कांदा, मिरचीचा ठेचा. आमटी पातळ झाली. रविवारची फीस्ट बंद पडली. आणि हे नऊजणांपुरते नव्हे, बावीसच्या बावीसजणांना. उरलेल्या तेरांचे पगार वेळेवर होत होते, त्यांचे पैसे वेळेवर येत होते. त्यांतला एकजण, माणूस तसा वाईट नव्हता, चौथ्या दिवशी म्हणाला, "काकू, माझे पैसे पुरे आहेत. मला तरी भाजी करत जा." काकू भाकरी थापत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही. म्हणाल्या, "माझ्याकडं दोन चुली न्हाईत, बाबा."

तो उठून गेला आणि दुसरीकडे जेवू लागला. नवव्या दिवशी परत आला, आपल्या जागेवर बसला आणि पिठले कालवून मुकाट्याने जेवला. कुणी काही बोलले नाही. पाटीवर त्याच्या नावापुढे आठ दिवसांचे खाडे बरोबर मांडलेले होते. महिनाअखेर तेवढे पैसे काकूंनी वजा केले.

आमची उधारी मात्र त्या पाटीवर एकदाही आली नाही. पाटी भिंतीवर, सर्वांना दिसेल अशी. उधारी होती मागच्या खोलीत, ज्वारीच्या डब्यावर ठेवलेल्या एका वहीत. काकूंना लिहिता येत नसे, मुलगा लिही. पिंपरी कँपातला एक सिंधी किराणावाला त्यांना माल उधार देत होता. फाळणीनंतर तो लहानपणी सिंधमधून आलेला, निर्वासितांच्या छावणीत वाढलेला. त्याला रांगेत ताट धरून उभे राहणे ठाऊक होते. पण त्याचाही हात कुठे तरी थांबणारच. गणपतीच्या सुमारास काकूंच्या हातांतल्या पाटल्या गेल्या आणि काचेच्या बांगड्या आल्या. त्याबद्दल कुणी विचारले नाही. विचारणार कोणत्या तोंडाने?

मुंबईच्या गिरणगावात हे आमच्याही आधी घडून गेलेले होते. संपांच्या काळात तिथल्या खानावळवाल्या बायकांनी गिरणी कामगारांना उधारीवर जेवू घातले आणि त्या स्वतः सावकारांच्या हातात सापडल्या. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते ह्याच बायकांना बँकेची कर्जे मिळवून देण्यासाठी. त्यांना पुढे २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या काकूंपर्यंत अशी बँक पोचली नव्हती. त्यांची बँक म्हणजे तो किराणावाला आणि त्या दोन पाटल्या.

दिवाळी आली तेव्हा टाळे तसेच होते. बोनस मिळालेले मेंबर आपापल्या गावी गेले. नऊपैकी तिघांना घरून गाडीभाडे आले. आम्ही सहाजण राहिलो. नरकचतुर्दशीला पहाटे नळावर आंघोळी केल्या आणि सवयीने जाऊन बसलो. काकूंनी ताटे मांडली. प्रत्येकाच्या ताटात दोन करंज्या. सारणात खोबरे कमी आणि भाजलेली कणीक जास्त होती, हे मला आजही सांगता येईल. मुरड मात्र एकसारखी, बारीक, कुठेही सुटलेली नाही. आमच्यातला एकजण करंजी हातात धरूनच बसला. काकू त्याला म्हणाल्या, "खा. वातड व्हतीया निवल्यावर."

टाळे दिवाळीनंतर उघडले. माझे तीनशे पंधरा रुपये झाले होते. महिना पंचवीसप्रमाणे मी ते तेरा महिन्यांत फेडले. सातजणांनी असेच फेडले. उरलेले दोघे गावी निघून गेले ते पुन्हा दिसले नाहीत. काकूंच्या तोंडून त्यांची नावे मी कधी ऐकली नाहीत, पण वहीतली त्यांची पानेही त्यांनी फाडली नाहीत. व्यवहार म्हणजे व्यवहार.

हल्ली पुण्यामुंबईच्या महागड्या हॉटेलांतही 'शेफच्या पसंतीचे जेवण' मिळते म्हणतात. जपानी लोकांचा त्यासाठी 'ओमाकासे' असा शब्द आहे; अर्थ 'तुमच्यावर सोपवले.' एवढ्यासाठी हजारो रुपये मोजायचे ह्याची मला मौज वाटते. चाकण-म्हाळुंग्याच्या रस्त्यावर, जर्मन मोटारींच्या कारखान्यांसमोर, आजही पत्र्याच्या शेडमध्ये खानावळी आहेत. लातूर-नांदेडची आणि बिहारची पोरे तिथे जेवतात. पण पुष्कळशी पोरे मोबाईलवर बोट फिरवून खोलीवरच जेवण मागवतात. एकाच खोलीत चौघे बसतात आणि चार पुड्या सोडतात. एकाची मोठी असते, एकाची लहान. पोरांना हवे ते मिळते, ह्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. आम्हाला कोबीऐवजी काही मागवता आले असते, तर आम्ही तरी सोडले असते काय?

काकूंनी १९९६ मध्ये खानावळ बंद केली. त्या आता मुलाकडे निगडीला असतात. इटलीहून आल्यावर, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. सून करंज्या करत होती आणि काकू पाटावर बसून कातणे फिरवत होत्या. मी त्यांना तुरीनच्या त्या जेवणाची हकीकत सांगितली. मला वाटले, त्यांना कौतुक वाटेल. त्यांनी ती एखाद्या तपासनीसासारखी ऐकली.

"किती माणसं बसत्यात?"

"वीस-बावीस."

"हाताखाली कोण?"

"बायको वाढत होती. एक पोरगा भांड्यांना."

"मग जमंल." थोडा वेळ कातणे फिरले. "ते चीज घालून तळतो म्हणालास, ते तेलात फुटत न्हाई?"

कडा दाबून, वर कातण्यानेच कापलेल्या होत्या, असे मी सांगितले. त्यांनी मान हलवली. एवढे त्यांना पटले.

"आन् रोज तीच माणसं येत्यात?"

"नाही काकू. रोज निराळी."

"रोज निराळी?" काकूंनी कातणे खाली ठेवले आणि तोंडाला पदर लावून हसल्या. "मग त्यात काय एवढं अवघड हाय रं? एकदा चांगलं केलं की सुटला. सोमवारी कोबी वाढला त्यास्नी बुधवारी पुन्हा कोबी वाढून बघ म्हणावं."

मी उठू लागलो. त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावले आणि सुनेकडे वळल्या.

"ह्याला दोन भाकरी टाक गं. मेथी हाय न्हवं? लसूण जरा जास्ती घाल, त्याला लागतो."